गाळ उपसणाऱ्यांचं नाव कुणी विचारत नाही

मंडळी, आज रस्ते नाहीत, पाणीपुरवठा नाही, कुणाचा पक्षप्रवेशही नाही. पहिल्या दोन ओळींत 'हा काही आपला विषय नाही' असं वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण ही गोष्ट या क्षणी तुमच्या हातात आहे.

रावेर-यावलचा केळीवाला असो की शिंदखेड्याचा कापूसवाला, २०२१ पासून आपण ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढतोय. शेतात रेंज नसते, म्हणून फोटो आधी फोनमध्येच पडून राहतो. तेवढा वेळ तो सांभाळतं कोण? फोनची बॅटरी मधेच बसली, तरी पुन्हा चालू केल्यावर जुने फोटो जागेवर कसे सापडतात?

हे काम करणाऱ्या भागाला फाइल सिस्टिम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते फोनमधलं तलाठ्याचं दप्तर आहे. फोनची किंवा कॉम्प्युटरची साठवण म्हणजे गावची जमीन. कुठला तुकडा कुणाच्या नावावर, कुठला मोकळा, कुठली नोंद कधी झाली, हा सगळा हिशोब फाइल सिस्टिम ठेवते. दप्तर बिघडलं तर जमीन जागेवरच असते, पण कुणाची कुठली ते सांगता येत नाही. फोटोचंही तसंच होतं.

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा आहे, त्याला कर्नल म्हणतात. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये तो सुरू केला. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुणीही वाचावा, वापरावा, सुधारणा सुचवावी. आज इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात आणि जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणकही २०१७ च्या अखेरीपासून त्यावरच चालतात. फाइल सिस्टिमचा कोड या कर्नलच्या आतच बसतो.

हा कोड तीस-पस्तीस वर्षं साचत आलाय. साचलं की गाळ होतो. तो गाळ उपसणारी काही माणसं जगभर बसलेली आहेत. आजची पोस्ट त्यांच्या कामाबद्दल आहे, आणि आपण त्या कामात कुठं आहोत याबद्दल.

आधी गाळ साचतो कसा ते बघू. लिनक्सची स्वतःची पहिली फाइल सिस्टिम १९९२ मध्ये आली, तिचं नाव एक्स्ट. १९९३ मध्ये एक्स्ट-२ आली. तिची अडचण आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. लाइट गेली की हिशोब अर्धवट राहायचा आणि लाइट आल्यावर अख्खी डिस्क तपासत बसावं लागायचं. डिस्क मोठी असेल तर तपासणीच कितीतरी वेळ चालायची. २००१ मध्ये एक्स्ट-३ आली, तिनं यावर उपाय आणला. दप्तरात काय बदल करायचा आहे ते आधी एका वेगळ्या वहीत लिहायचं आणि मग मूळ नोंदीत बदल करायचा. आपल्याकडे सातबारावर नाव चढायच्या आधी फेरफार नोंद होते ना, तसंच. मधेच लाइट गेली तर फक्त वही बघायची आणि राहिलेलं काम पुरं करायचं. २००८ च्या शेवटी एक्स्ट-४ आली. आज असंख्य सर्व्हरवर आणि फोनमध्ये तीच आहे.

अडचण अशी की नवीन आलं तरी जुनं जात नाही. एक्स्ट-४ आली तेव्हा एक्स्ट-३ चा कोडही शेजारीच राहिला. दोघांमध्ये बराच कोड सारखा. एकीकडची चूक दुरुस्त केली की दुसरीकडेही करायची. बाजूला दुसऱ्या कंपन्यांनी आणि हौशी लोकांनी लिहिलेल्या डझनावारी फाइल सिस्टिम. प्रत्येकीनं आपापल्या पद्धतीनं तेच तेच काम करून ठेवलेलं. कर्नलच्या मधल्या भागात एक साधा बदल करायचा म्हटलं तरी या सगळ्यांच्या दारात जाऊन तो करावा लागतो. त्यातल्या काही घरांत आता कुणी राहतच नाही.

मग साफसफाई कशी होते? २०१५ मध्ये यान कारा या मेंटेनरनं, म्हणजे कोडच्या राखणदारानं, एक्स्ट-३ चा वेगळा कोड कर्नलमधून काढून टाकला. सुमारे २८ हजार ओळी गेल्या. पण ज्यांच्या डिस्क एक्स्ट-३ च्या होत्या त्यांचं काही बिघडलं नाही. एक्स्ट-४ चा कोड जुन्या डिस्कही वाचू शकतो, याची खात्री आधीच करून घेतलेली होती. घर पाडायच्या आधी राहणाऱ्याला दुसरीकडे नेलं, मग पाडलं. आपल्याकडच्या अतिक्रमण मोहिमा आठवून बघा, फरक लगेच लक्षात येईल.

दुसरं उदाहरण रायझर-एफएसचं. २००१ मध्ये ती लिनक्समध्ये आली तेव्हा तिचा मोठा गाजावाजा होता. लाइट जाण्यावरचा तो फेरफार वहीचा उपाय मुख्य कर्नलमध्ये सगळ्यात आधी तिनंच आणला. पुढे तिचा कर्ता हान्स रायझर पत्नीच्या खुनात दोषी ठरला, २००८ मध्ये. काम मागे पडलं, वापरणारे कमी झाले. २०२२ मध्ये दुसऱ्या एका डागडुजीत तिचा कोड आडवा आला, तेव्हा प्रश्न निघाला की हे ठेवायचं कशासाठी? तरी लगेच काढलं नाही. आधी जाहीर केलं की २०२५ मध्ये हे जाणार आहे, कुणी वापरत असेल तर आपला डेटा दुसरीकडे हलवा. जवळजवळ तीन वर्षं थांबले. मग जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ या आवृत्तीत ती नव्हती. तीस हजारांहून जास्त ओळी कमी झाल्या. आणि काढलेलं कायमचं हरवतही नाही. जुनी प्रत न् प्रत इतिहासात जपलेली असते, कुणालाही उघडून बघता येते.

'पडून राहिलं तर राहू द्या, खातंय काय?' असं कुणी म्हणेल. आपला आवडता सरकारी प्रश्न. त्याचं उत्तर पेनड्राइव्हमध्ये आहे. आपल्याकडे पेनड्राइव्ह किती हातांतून फिरतो बघा. सेतू केंद्र, झेरॉक्सवाला, फ्लेक्सवाला, शाळेचं ऑफिस. कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला की त्यातलं दप्तर वाचायचं काम कर्नल करतो, आणि कर्नलला त्या मशीनवर सगळे अधिकार असतात. कुणी मुद्दाम खोटं दप्तर बनवून दिलं आणि ते वाचणारा कोड पंचवीस वर्षं जुना, दुर्लक्षित असला, तर दरवाजा आतूनच उघडतो. गूगलची एक स्वयंचलित यंत्रणा अशी खोटी दप्तरं बनवून कर्नलची रात्रंदिवस परीक्षा घेत असते. तिनं फाइल सिस्टिममधल्या कितीतरी चुका बाहेर काढल्यात. चूक सापडली की ती दुरुस्त करायला माणूस लागतो. ज्या कोडला माणूस नाही, तो काढून टाकणं हाच शहाणपणा.

तारखेचा गाळ आणखी वेगळा. जुन्या फाइल सिस्टिम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तो आकडा ३२ बिटांच्या खणात ठेवतात. हा खण १९ जानेवारी २०३८ रोजी भरतो, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी. त्यानंतरची तारीख त्यात मावत नाही, हिशोब उलटा फिरून १९०१ मध्ये जातो. एक्स्ट-२ चा वेगळा कोड २०२४ मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकला, त्याचं कारण हेच. आज बालवाडीत असलेलं पोरगं तेव्हा कॉलेजच्या वयाचं असेल. एवढ्या पुढचा विचार करून कुणीतरी आत्ता गाळ काढतंय.

आता आपल्या मातीतलं सांगतो. साक्री तालुक्यात पांझरा आणि कान या नद्यांवर, शेजारी बागलाणात मोसम नि आरमवर, फड पद्धत होती. थोडीफार अजून आहे. तीनशे वर्षांहून जुनी मानतात. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि हे सगळे शेतकऱ्यांनीच नेमलेले. पाटातला गाळ काढायला दरवर्षी ज्याच्या त्याच्या घरचा माणूस जायचा. कारण साधं होतं. पाण्यात वाटा हवा तर गाळातही हात घालायचा.

मला लिनक्सचं हे काम बघितलं की फड आठवतो. मालक कुणीच नाही, वाटेकरी सगळे. प्रत्येक फाइल सिस्टिमला नेमलेला राखणदार. कोण बदल सुचवतो, कोण तपासतो, कोण मान्य करतो, सगळ्यांची नावं त्या बदलासोबत कायमची लिहिलेली. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईच्या बिलावर अशी नावं असती तर आम्हा पत्रकारांचं निम्मं काम वाचलं असतं.

नियमही फडासारखेच कडक. बीकॅश-एफएस ही नवी फाइल सिस्टिम जानेवारी २०२४ मध्ये कर्नलमध्ये आली. तिचा कर्ता हुशार, काम दमदार. पण फक्त चुका दुरुस्त करायच्या टप्प्यात तो नव्या सोयी घेऊन यायचा, त्यावरून वारंवार वाद झाले. शेवटी २०२५ मध्ये तिचा कोड बाहेर काढला. 'तुमचं तुम्ही बाहेर चालवा' असा तो निकाल. बरोबर झालं की चूक, यावर लोक अजून भांडतात. माझं मत विचाराल तर पाळी मोडून पाणी घेणारा कितीही चांगला शेतकरी असो, फड त्याच्यासाठी थांबत नाही.

पण एका ठिकाणी ही तुलना तुटते, आणि माझा खरा मुद्दा तिथंच आहे. फडात मी गाळ काढायला गेलो नाही आणि पाणी मात्र घेतलं, तर खालच्या शेतकऱ्याला कमी पडतं. तो बोंब मारतो. लिनक्स मी फुकट घेतलं तर दुसऱ्याचं लिनक्स कमी होत नाही. म्हणून कुणी बोंब मारत नाही. कोट्यवधी फोन, बँका, सरकारं, कंपन्या सगळे खालच्या बाजूला पाणी घेतात, आणि वर गाळात उभी असलेली माणसं मोजकीच. कमी पडतात ती हीच माणसं.

एक्सएफएस नावाची फाइल सिस्टिम आहे. रेड हॅटच्या सर्व्हर लिनक्समध्ये २०१४ पासून तीच मुख्य म्हणून येते. तिचे मेंटेनर डॅरिक वाँग यांनी २०२३ मध्ये ते काम सोडलं आणि सोडताना ताणाबद्दल, थकव्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं. जबाबदारी काही काळ कुणाकडे आली? चंदन बाबू या भारतीय इंजिनिअरकडे. असे आपले लोक आधीपासून आहेत. डिस्कवर आधीच जागा राखून ठेवायची 'फॅलोकेट' ही सोय २००७ मध्ये लिनक्समध्ये आली, ती आयबीएमच्या अमित अरोरा यांच्या कामातून. एक्स्ट-४ चा जुना कोड सगळ्यांच्या सामाईक कोडवर आणायच्या कामात रितेश हरजानी यांचं नाव वारंवार दिसतं. यांतलं एक तरी नाव आपल्या वर्तमानपत्रांत आलंय का? परदेशी कंपनीत पगाराचं पॅकेज मिळालं की आम्ही चार कॉलमात फोटो छापतो. एवढ्या मोठ्या कामाला दोन ओळी नाहीत. यात माझं क्षेत्रही आलं.

आता आपल्याकडे येऊ. जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर, इंजिनिअरिंग कॉलेजांची आपल्याकडे कमी नाही. अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम आहे, लिनक्स आहे. मुलं फाइल सिस्टिमची व्याख्या पाठ करतात, सात मार्कांचं उत्तर लिहितात. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. बरीच वर्षं बघतोय, अनेक ठिकाणी तोच तो ग्रंथालय व्यवस्थापनाचा नाहीतर हजेरीचा प्रोजेक्ट फिरतो, आणि तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानंही चालतात. पोरं हुशार आहेत. पुण्याला जातात, स्टोरेजच्या मोठमोठ्या कंपन्यांत हेच काम पगारावर उत्तम करतात. म्हणजे डोकं आहे. इथं असताना त्यांना ते कुणी मागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दरवर्षी एका कॉलेजातल्या पाच मुलांचा प्रोजेक्ट म्हणून कर्नलमधलं एक खरं काम द्या. आणि सुरुवात कोड लिहिण्यापासून करू नका, तपासण्यापासून करा. फाइल सिस्टिम तपासायचा एक खुला चाचणीसंच आहे. तो मूळ एक्सएफएससाठी बनला, आज सगळ्यांसाठी वापरतात. जुने लॅपटॉप घ्या, येणारी नवी आवृत्ती त्यावर चालवा, काय मोडलं त्याची नीट, पुन्हा करून दाखवता येईल अशी नोंद मेंटेनरला पाठवा. पैसे लागत नाहीत. आणि आपल्याकडे जी लाइट जाते, तिचासुद्धा इथं उपयोग आहे. धडधडीत वीज गेल्यावर दप्तर कसं राहतं, हे तपासायची सोय आपल्यासारखी कुणाकडे आहे?

हे इतक्या बारकाईनं सांगतोय त्याला कारण आहे. २०२० च्या ऑक्टोबरात एका स्पर्धेत खुल्या प्रकल्पांना चार सुधारणा पाठवल्या की टी-शर्ट मिळत होता. आपल्या देशातल्या खूप पोरांनी कुठल्याही फाइलमध्ये एखादा फालतू शब्द घालून सुधारणा पाठवल्या. जगभरचे राखणदार वैतागले, आयोजकांना मधेच नियम बदलावे लागले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोग म्हणून लिनक्सकडे मुद्दाम सदोष बदल पाठवले होते. ते उघडकीला आल्यावर कर्नलवाल्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणंच थांबवलं. तेव्हा 'सर्टिफिकेटसाठी पॅच' ही योजना इथं कुणी काढणार असेल तर हात जोडून सांगतो, नको. गाळ काढायला जाऊन पाटात माती टाकून येण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आधी दोन वर्षं वाचा, तपासा, विचारा. मग एक ओळ बदला.

आणि सरकारचं काय? केंद्राचं २०१५ चं धोरण आहे, सरकारी कामात खुलं सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं लिनक्सवर आधारलेली 'बॉस' ही प्रणालीही बनवली. चांगलंच आहे. केरळनं तर शाळांच्या कॉम्प्युटर लॅब खुल्या सॉफ्टवेअरवर नेऊन दाखवल्या. पण त्या धोरणाच्या नावातच 'स्वीकार' आहे. म्हणजे पाणी घ्यायचं ठरलं, गाळाचं नाव नाही. जर्मनीच्या सरकारनं २०२२ मध्ये अशा खुल्या सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी वेगळा निधी काढला. आपल्याकडे झिरोधा या खासगी कंपनीनं २०२४ मध्ये जगभरच्या खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एक कंपनी करू शकते, तर एवढं मोठं राज्य वर्षाला चार देखभाल करणारे इंजिनिअर पोसू शकत नाही? आपल्या सातबाऱ्यापासून रेशनपर्यंत सगळं डिजिटल करायला निघालोय. ज्या पायावर हे उभं आहे, त्याच्या डागडुजीत राज्याचा एक तरी माणूस असावा, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

मला माहीत आहे, यावर मतं मिळत नाहीत. काढून टाकलेल्या २८ हजार ओळींचं उद्घाटन होत नाही, कोनशिला बसत नाही. नवीन बांधलं की फीत कापता येते, साफ केलं की फोटोत काहीच दिसत नाही. फडाचंही तेच झालं. विहिरी आल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली, गाळ काढायला एकत्र येणं नकोसं झालं. पाट एका दिवसात कुणी मोडला नाही. एकेका वर्षी एकेक घर यायचं बंद झालं.

आपल्या विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या प्राध्यापकांपैकी बरेच जण हे पेज वाचतात. त्यांना थेट विचारतो, यंदाच्या प्रोजेक्टच्या यादीत असं एक काम टाकाल का? हो म्हणणाऱ्या पहिल्या कॉलेजाच्या पोरांची बातमी मी स्वतः करीन, पॅकेजच्या बातमीपेक्षा मोठी. कुणाला वाटत असेल की हे आपल्यासारख्या छोट्या गावाचं काम नाही, तर खाली लिहा. भांडू. पण आधी फाइल सिस्टिमच्या राखणदारांच्या यादीवर एक नजर टाका, किती थोडी माणसं आहेत ते मोजा, आणि मग बोला.